ज्येष्ठ निवासातील काळजीची पारख कशी करावी

ज्येष्ठांसाठीचे निवास पाहायला गेलेल्या कुटुंबाला बहुतेक ठिकाणी ठरावीक क्रमाने फिरवले जाते: स्वागतकक्ष, बाग, भोजनगृह, करमणुकीचे दालन आणि शेवटी एखादी रिकामी, नुकतीच आवरलेली खोली. हे सगळे पाहण्यासारखे असते यात शंका नाही. परंतु आपली आई किंवा वडील तिथे राहायला गेल्यावर पहाटे तीन वाजता ओल्या अंथरुणात किती वेळ पडून राहतील, या प्रश्नाचे उत्तर त्या फेरीत कुठेच मिळत नाही. ज्यांना स्वतःहून उठता येत नाही, नीट बोलता येत नाही, घंटा वाजवण्याचे भान राहत नाही आणि ज्यांना भेटायला फारसे कोणी येत नाही, अशा रहिवाशांची तिथे काय अवस्था आहे, हे पाहिल्याशिवाय काळजीचा दर्जा कळत नाही. हिंडत्याफिरत्या, बोलक्या रहिवाशांना बहुतेक ठिकाणी बरी वागणूक मिळते, कारण ते ती मागून घेऊ शकतात. आपले माणूस आज त्या बोलक्यांपैकी असेल. पण वय वाढेल तसे ते दुसऱ्या गटाकडे सरकणार आहे, आणि तेव्हा हे निवास त्याला कसे वागवील ते आजच पाहून ठेवता येते.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिले काम घरीच करायचे असते. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली एक साधी मोजपट्टी वृद्धांच्या शुश्रूषेत आजही वापरली जाते. तिच्यात सहा गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी प्रत्येक गोष्ट आपले माणूस एकट्याने करते, थोड्या आधाराने करते, की पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे एका कागदावर लिहावे. त्याखाली चालू असलेली औषधे व त्यांच्या वेळा, जुने आजार, गेल्या वर्षात झालेली पडझड, ऐकण्यातल्या व दिसण्यातल्या अडचणी, रात्रीच्या झोपेची तऱ्हा आणि ज्या गोष्टींनी ती व्यक्ती घाबरते किंवा शांत होते, त्यांची नोंद करावी.

हा कागद हाती असला की बोलण्याला धार येते. ‘आपण सगळी काळजी घेता ना?’ या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही. ‘माझ्या वडिलांना रात्रीतून तीन वेळा उठावे लागते आणि उठताना एका माणसाचा आधार लागतो, रात्रपाळीतले कोण येईल आणि त्याला या मजल्यावर किती जणांकडे पाहावे लागते?’ असे विचारले की संस्थेला खरे सांगावे लागते, किंवा ती टाळाटाळ करते आहे हे आपल्या लक्षात येते. शिवाय, आज थोडा आधार लागणाऱ्याला उद्या पूर्ण आधार लागू लागला, तर संस्था सांभाळील की दुसरीकडे हलवायला सांगेल, तेही याच वेळी विचारावे. काळजी नीट मिळत नाही असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा चुकीच्या जागेची निवड झाल्यामुळे घडलेले असते. स्वतंत्र राहू शकणाऱ्यांसाठीच्या निवासात चोवीस तासांची शुश्रूषा मिळणार नाही, आणि तशी ती मिळेल असे तोंडी आश्वासन कोणी दिले तर त्यावर विसंबू नये.

भेट केव्हा द्यावी, काय पाहावे

आरोग्यसेवेची गुणवत्ता कशी जोखावी याचा पाया आवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये घातला. त्यांनी रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग सांगितले. इमारत, उपकरणे, मनुष्यबळ ही रचना. ती माहितीपत्रकातही दिसते. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष काळजी कशी दिली जाते. ती पाहायला वेळ काढून बसावे लागते. आणि परिणाम म्हणजे रहिवाशांच्या शरीरमनाचे काय झाले. ते कळायला नेमके प्रश्न विचारावे लागतात. कुटुंबे बहुधा पहिल्याच भागावर निर्णय घेऊन मोकळी होतात.

म्हणून निदान तीन वेळा जावे. पहिली भेट वेळ ठरवून असू द्यावी. दुसरी जेवणाच्या वेळी आणि तिसरी संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी, न कळवता. सुट्टीच्या दिवशी व्यवस्थापक नसतात आणि माणसे कमी असतात, त्यामुळे संस्थेची खरी घडी तेव्हा दिसते. न कळवता आलेल्यांना आत घेता येत नाही असे सांगितले, तर कारण विचारावे. रहिवाशांचा खासगीपणा आणि संसर्गाची भीती ही कारणे योग्य आहेत. परंतु ती सांगणारी संस्था सामाईक दालनात बसण्याची परवानगी सहसा देते.

त्या दालनात पाऊणएक तास शांत बसावे. एखादा मदतनीस व्हीलचेअर ढकलण्यापूर्वी बसलेल्या व्यक्तीला ‘आपण आता खोलीत जाऊ या’ असे सांगतो की न बोलता खुर्ची मागून वळवतो? रहिवाशाशी बोलताना तो डोळ्यांच्या पातळीवर येतो का, त्यांना नावाने किंवा त्यांना आवडेल अशा नात्याने हाक मारतो का, की दोन मदतनीस त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशीच बोलत कपडे बदलून मोकळे होतात? दूरचित्रवाणी चालू असताना समोर बसलेल्यांपैकी किती जण खरोखर पाहत आहेत? स्मृतिभ्रंश झालेली एखादी स्त्री ‘मला घरी जायचे आहे’ असे दहाव्यांदा म्हणते, तेव्हा तिला गप्प केले जाते, की कोणी तिचा हात धरून तिच्या घराविषयी दोन वाक्ये बोलते? माझ्या मते या एका प्रसंगातून संस्थेची जेवढी ओळख पटते, तेवढी भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रांवरून पटत नाही.

घंटेकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ती पलंगावर पडलेल्या माणसाच्या हाताला लागते का, की दोर पलंगामागे लोंबकळतो आहे? कुठली घंटा वाजली तर घड्याळ पाहून ठेवावे आणि तिथे कोणी पोहोचेपर्यंत किती मिनिटे गेली ते टिपावे. कोणीतरी दारातून डोकावून ‘येते हं’ म्हणून गेले, तर ते उत्तर समजू नये. मदत प्रत्यक्ष मिळाली तो क्षण मोजावा.

वासाबाबत थोडे तारतम्य हवे. एखाद्या खोलीबाहेर काही वेळ लघवीचा वास येणे साहजिक आहे, कारण तिथे त्याच वेळी कपडे बदलले जात असतील. सगळ्या मार्गिकेत आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तो येत असेल, तर माणसे फार वेळ ओली राहतात असे समजावे. सगळीकडे उग्र सुगंध दरवळत असेल, तर तो कशावर मारला आहे याचाही विचार करावा.

मग रहिवाशांच्या बारीकसारीक गोष्टी पाहाव्यात: नखे कापलेली आहेत का, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, श्रवणयंत्र कानात आहे की खणात, कवळी तोंडात आहे की पेल्यात, अंगावरचे कपडे त्यांचेच आहेत का. या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु ज्या माणसाचे श्रवणयंत्र तीन आठवडे बंद पडून आहे, त्याला सगळे ‘गोंधळलेला’ म्हणू लागतात, आणि कवळी हरवलेला माणूस चावता येत नाही म्हणून जेवण टाळू लागतो.

जेवणाच्या वेळी ताटातल्या पदार्थांपेक्षा भरवणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तीला ताठ बसवून, शेजारी बसून, एक घास गिळला गेल्याची खात्री करून मग दुसरा द्यावा लागतो. आडवे ठेवून किंवा उभ्याउभ्या घाईने भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. किती ताटे जवळजवळ भरलेली परत जातात आणि त्यांची नोंद कोणी घेते का, हेही पाहावे.

शरीरावर उमटणारा हिशेब

काळजीतली हयगय सर्वांत आधी शरीरावर दिसते, म्हणून चार गोष्टींविषयी संस्थेच्या मुख्य परिचारिकेशी स्वतंत्रपणे बोलावे.

पहिली शय्याव्रणांची. एकाच कुशीवर किंवा पाठीवर फार वेळ पडून राहिल्याने माकडहाड, टाचा, खुबे अशा हाडांवरच्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि जखमा होतात. सुरुवातीला केवळ दाबल्यावरही न फिकटणारी लाली दिसते. सावळ्या त्वचेवर ती लाली ओळखू येत नाही, म्हणून तिथला उबदारपणा, कडकपणा किंवा दुखणे तपासावे लागते. चौथ्या टप्प्यात जखम स्नायू व हाडापर्यंत पोहोचते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलण्याची रूढ पद्धत आहे. व्यक्तीची स्थिती आणि गादीचा प्रकार यांप्रमाणे हे अंतर कमीजास्त होते. धोका मोजण्यासाठी ब्रेडन मापनश्रेणी वापरली जाते. तिचे गुण ६ ते २३ असतात आणि १८ किंवा त्याहून कमी गुण आल्यास धोका आहे असे सामान्यतः मानतात. म्हणून विचारावे: ‘सध्या आपल्याकडे किती जणांना शय्याव्रण आहेत, आणि त्यांतले किती इथे आल्यावर झाले?’ रुग्णालयातून येतानाच जखमा घेऊन आलेल्यांचा दोष संस्थेचा नसतो, म्हणून प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा.

दुसरी वजनाची. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटणे ही गंभीर बाब समजली जाते. ५० किलो वजनाच्या व्यक्तीचे महिन्यात अडीच किलो कमी झाले, तर कोणीतरी कारण शोधायला हवे. त्यासाठी आधी दर महिन्याला वजन करून लिहून ठेवले जायला हवे, आणि उभे राहू न शकणाऱ्यांचे वजन करण्याची सोयही हवी. ही सोय आहे का ते पाहून घ्यावे. पाण्याचेही तसेच आहे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते पुन्हा पुन्हा हातात द्यावे लागते. युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार, डॉक्टरांनी बंधन घातलेले नसेल तर वृद्ध स्त्रियांना दिवसाला निदान १.६ लीटर आणि पुरुषांना २ लीटर पेये मिळायला हवीत. पलंगाजवळचा पेला भरलेला आहे का, आणि तो हाताच्या अंतरावर आहे का, हे पाहणे अगदी सोपे आहे.

तिसरी पडण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील सुमारे २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात, आणि संस्थांत राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणून ‘आमच्याकडे कोणी कधी पडत नाही’ हे उत्तर मला अस्वस्थ करते. एक तर नोंदी ठेवल्या जात नसतील, किंवा माणसांना उठूच दिले जात नसेल. कोणी पडल्यावर काय केले, औषधे तपासली का, पादत्राणे बदलली का, रात्री शौचालयाकडे जाण्याची वेळ सांभाळली का, आणि घरच्यांना किती वेळात कळवले, हे विचारल्यास संस्थेचा अभ्यास कळतो.

चौथी गोष्ट याला लागूनच आहे: बांधून ठेवणे आणि गुंगीत ठेवणे. कमरेचे पट्टे, उठता येऊ नये म्हणून पुढे फळी लावलेल्या खुर्च्या, दोन्ही बाजूंनी वर केलेले कठडे ही बंधनेच आहेत. त्यांतून सुटण्याच्या धडपडीत दुखापती होतात, स्नायू झिजतात आणि माणूस खचतो. गोळ्यांचे बंधन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक काळजीने शोधावे लागते. स्मृतिभ्रंशातील अस्वस्थतेसाठी काही मानसविकारविरोधी औषधे दिली जातात. अशा वृद्ध रुग्णांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. क्वचित ती आवश्यकही असतात. परंतु भर दुपारी दालनातले बहुसंख्य लोक मान टाकून पेंगत असतील, तर किती जणांना अशी औषधे चालू आहेत, ती कोणी लिहून दिली आणि ती कमी करण्याचा आढावा केव्हा घेतला जातो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सोयीसाठी लावलेले लघवीचे कॅथेटर आणि शौचालयापर्यंत चालू शकणाऱ्यांनाही दिवसभर घातलेले डायपर यांकडेही याच नजरेने पाहावे.

औषधांची वेळ आणि बदलाची जाण

औषधे कोण देते, ती दिल्याची नोंद त्याच वेळी होते की पाळी संपताना एकदम सह्या केल्या जातात, आणि औषध नाकारले तर कोणाला कळवले जाते, हे पाहावे. वेळेचे महत्त्व संस्थेला कळते का याची परीक्षा पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) उदाहरणाने घेता येते: त्यावरील लेवोडोपा या औषधाची मात्रा उशिरा मिळाली तर रुग्ण ताठरतो, त्याला हलता येत नाही आणि गिळणेही कठीण होते. मधुमेहींचे इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ हेही तसेच. ज्यांना पाच किंवा अधिक औषधे चालू आहेत, त्यांच्या संपूर्ण यादीचा आढावा डॉक्टर ठरावीक काळाने घेतात का, हे विचारावे.

एक प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी, आणि शक्यतो व्यवस्थापकाऐवजी मजल्यावरच्या मदतनिसाला विचारावा: ‘कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर आपण काय करता?’ काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवलेल्या गोंधळामागे बहुधा संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ, वेदना किंवा नवे औषध असते, आणि वेळीच लक्ष दिल्यास तो पुष्कळदा उतरतो. ‘लगेच परिचारिकेला सांगतो, ताप पाहतो, लघवीचे विचारतो’ असे उत्तर आले तर तिथे शिकवलेली माणसे आहेत. ‘वयामुळे होते असे’ हे उत्तर आले, तर बाग कितीही सुंदर असली तरी मी माझे माणूस तिथे ठेवणार नाही.

काळजी करणारी माणसे

ज्यांच्या हातांनी काळजी घेतली जाते त्यांची स्थिती पाहिल्याशिवाय बाकी सगळे अपुरे आहे. दिवसपाळी, संध्याकाळ आणि रात्र यांसाठी वेगवेगळे आकडे मागावेत. ‘सरासरी’ सांगितली तर ती बाजूला ठेवून ‘काल रात्री या मजल्यावर किती रहिवासी होते आणि जागे असलेले कर्मचारी किती होते?’ असे विचारावे. प्रशिक्षित परिचारिका रात्री आवारात असते, की फक्त दूरध्वनीवर?

मदतनिसांशी बोलण्याची संधी मिळाली तर ते इथे किती काळ काम करतात हे सहज विचारावे. दर दोन महिन्यांनी नवे चेहरे येत असतील, तर बोलता न येणाऱ्या माणसाच्या कपाळावरची कोणती आठी दुखण्याची आणि कोणती कंटाळ्याची, हे कोणालाच कळत नाही. त्याच त्या मदतनिसांकडे तेच रहिवासी सोपवण्याची पद्धत असेल, तर तिचे मोल फार मोठे आहे. पाळी बदलताना एकमेकांना माहिती दिली जाते का, रजेच्या दिवशी बाहेरून आलेल्या बदलीच्या माणसाला रहिवाशांची ओळख कोण करून देतो, आणि कर्मचाऱ्यांना बसायला, जेवायला जागा आहे का, हेही पाहावे.

गैरवर्तनाचा विषय संकोच न करता काढावा. जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलेल्या अभ्यासांत संस्थांमधील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी मागील वर्षभरात आपल्याकडून रहिवाशांशी गैरवर्तन झाल्याचे स्वतःच सांगितले होते. त्यात ओरडणे, दुर्लक्ष करणे हेही येते. म्हणून ‘आमच्याकडे असे होत नाही’ म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा, असे घडल्यास कोण कळवतो, चौकशी कोण करतो, तोवर त्या कर्मचाऱ्याला कुठे ठेवतात आणि कळवणाऱ्याला संरक्षण कसे देतात, हे सांगू शकणारी संस्था अधिक विश्वासाची. तक्रारवही पाहायला मागावी. तिच्यात तक्रारी असणे वाईट नाही, त्यांच्यापुढे काय केले हे लिहिलेले नसणे वाईट. सरकारी तपासणीचे अहवाल मिळत असतील तर एकच अहवाल न वाचता मागचे दोनतीन वाचावेत, आणि तोच दोष पुन्हा पुन्हा आला आहे का ते शोधावे.

कराराविषयी थोडक्यात एवढेच: मूळ शुल्कात काय येते आणि कशासाठी जादा आकारणी होते, गरज वाढली की शुल्क कसे वाढते, अनामत कधी व किती परत मिळते, आणि संस्था कोणत्या कारणाने किती दिवसांच्या सूचनेवर जागा सोडायला सांगू शकते, हे लेखी असावे. सही करण्यापूर्वी मसुदा घरी आणून वाचावा.

राहायला गेल्यानंतर

पारख प्रवेशाच्या दिवशी संपत नाही. पहिल्या काही आठवड्यांत रडू येणे, चिडचिड, जेवण कमी होणे हे नव्या जागेमुळेही होते, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नये. परंतु तारखेनिशी एक वही जरूर ठेवावी. प्रवेशाच्या दिवशीचे वजन, त्वचेची स्थिती आणि औषधांची यादी तिच्या पहिल्या पानावर लिहावी. नंतर निरनिराळ्या वेळी भेटी देऊन, अंगावर न समजणारी काळीनिळी खूण, विशिष्ट कर्मचारी आला की होणारी भीती, सारखी हरवणारी वस्तू, किंवा कुटुंबीय असताना कर्मचारी खोलीतून हलतच नाहीत असे काही आढळल्यास ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. आपल्या माणसाला काय वाटते ते एकांतात विचारावे, आणि त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या चेहऱ्याकडे व हातांकडे पाहावे.

काही खटकले तर आधी मजल्याच्या परिचारिकेशी, मग व्यवस्थापकाशी, आणि तिसऱ्या वेळी लेखी बोलावे; पत्रात घटना, तारीख आणि आपण काय अपेक्षितो हे तिन्ही असावे, व उत्तराची मुदत द्यावी. मारहाण, उपासमार किंवा उपचारांवाचून ठेवणे असे काही दिसले, तर मात्र हा क्रम पाळत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टर, संबंधित सरकारी यंत्रणा आणि आवश्यक तर पोलीस यांना कळवून आपल्या माणसाला तिथून हलवावे.